सूनबाईंचा उष्माघात कक्ष
"यंदाच्या उन्हाळ्यात या शहरात एकही म्हातारा दगावू देणार नाही!" आरोग्य अधिकारी सूनबाईंची ही गर्जना वर पत्र्याच्या खोलीत सासऱ्यांनाही स्पष्ट ऐकू आली. घरातला एकुलता एक एसी सासऱ्यांच्या खोलीत होता. त्यामुळे ती खोली बैठकांसाठी ताब्यात घेऊन सूनबाईंनी त्यांची रवानगी वर केली होती.

दुपारी अंगाची लाही लाही झाली, तेव्हा सासरे कठडा धरत खाली आले. खोलीत सूनबाई आणि चार डॉक्टर स्वेटर घालून चर्चा करत होते.

"पत्र्याखाली राहणारे म्हातारे आधी जातात," सूनबाई सांगत होत्या. एवढ्यात त्यांना सासरे दिसले. "अगंबाई, बाबा, चेहरा केवढा लाल झालाय! डॉक्टर, बघा, अस्साच होतो. बाबा, जरा उजेडात या बरं."

चौघांनी बाबांना निरखून पाहिलं. एकाने कौतुकाने फोटोही काढला.

"अशांना गारव्यात हलवायचं कधी?" दुसऱ्याने विचारलं.

"योजना मंजूर झाली की लगेच," सूनबाई म्हणाल्या.

बाबांनी घसा खाकरला.

"सूनबाई, योजना होऊ दे सावकाश. तोवर मी या टेबलाखाली आडवा झालो तर चालेल का गं? पाय पोटाशी घेऊन झोपेन."