खळ्यावरचा हक

धुळ्याच्या सुकदेव मिस्तरीला लाकडाशी बोलता येई, माणसांशी नाही. आणि अशा माणसाला देणग्या मागायला धाडायचं, हे फक्त तो शिकवी त्या शाळेच्या कमिटीलाच सुचू शकतं!

त्यांची शाळा सुतारकी फुकट शिकवी, वर चौदा पोरांना दोन वेळची भाकर घाली. कापसाच्या जिनचे मालक शेठ धान्य पुरवीत, तोवर ज्वारीची ददात नव्हती. शेठ वारले आणि मुलांनी हात आखडता घेतला. आता होळीपर्यंत धान्य जमलं नाही, तर शाळेला कुलूप आणि पोरं पुन्हा लोकांच्या शेतात मजुरीला. या शाळेपायी सुकदेवनं आपल्या गावचं बलुतं धाकट्या भावाला सोडून दिलं होतं. सुकदेवला घास गोड लागत नव्हता.

कमिटीनं त्याच्या हाती छापील पावतीपुस्तक दिलं आणि त्याला पांझरा नदीकाठच्या खळ्यांवर पाठवलं. साल त्रेचाळीस. लढाईच्या फंडासाठी सरकारी माणसं अशीच पुस्तकं घेऊन गावं पिळत होती, हे एकाही शहाण्याच्या ध्यानात आलं नाही. रुपचंद पाटलाच्या खळ्यावर सुकदेवनं पुस्तक उघडलं मात्र, पाटील कडाडला, "परत लढाईना फंड! चाल, निंघ आठेन!"

दिवसभर प्रत्येक खळ्यावर हीच आरती झाली. शेवटी ज्वारी पाखडणाऱ्या भिकुबाई म्हातारीला त्याची दया आली. त्याला पाणी देऊन ती म्हणाली, "पुस्तक देखीसन लोके पयतस, भो. तू सुतार शेस ना? मंग सुतारसारखा ये."

म्हातारी लाखातलं बोलली; पुस्तक पाहूनच लोक पळत होते. खळ्यावर सुतार कधी तोंडानं मागत नाही. वर्षभर अवजारं दुरुस्त करतो, सुगीला येऊन कडेला बसतो. शेतकरी आपण होऊन सुपं ओततो. जन्मभर हेच केलेला माणूस चार कागदांपायी ते विसरला होता.

दुसऱ्या दिवशी सुकदेव लाकूड तासायचा वाकस खांद्यावर टाकून पुन्हा रुपचंदकडेच गेला. वहाणा बाहेर काढल्या. कडेला धान्य ओढायचं दाताळं पडलं होतं, निम्मे दात मोडलेलं. तो बसला आणि बाभळीचे नवे दात तासू लागला. पाटील बघत राहिला. दाताळं हाती घेऊन त्यानं रास ओढून पाहिली, मग विचारलं, "कोन्ता गावना तू?"

"धुळाना. तठे चौदा पोऱ्यास्ले सुतारकी शिकाडस. शाळाम्हान जेवाले धान्य नही."

एवढंच. मग तो खळ्याच्या कडेला जाऊन बसला.

रुपचंदनं सूप भरलं, पहिल्या मापाला एक न म्हणता "लाभ" म्हणून सुकदेवच्या उपरण्यात ओतलं. मग दुसरं, तिसरं. उपरणं पुरेना तेव्हा पोतं मागवलं.

सुकदेवचे हात जोडले गेले. "पाटील, इतलं दान..."

"दान नही, मिस्तरी. हाऊ तुना हक शे. तुना पोऱ्यास्ना बी शे." आणि पाटलानं शेजारच्या खळ्यांना हाळी घातली.

आभार मानावेत तर हकाचं दान होऊन बसायचं. म्हणून सुकदेव एवढंच म्हणाला, "गावन्या तिफणी आखाजीले शाळाम्हान धाडज्यात. मना पोऱ्या दुरुस्त करतीन."

होळीला बंद पडणाऱ्या शाळेत तो होळीनंतरच्या आखाजीचं, म्हणजे अक्षय्य तृतीयेचं, काम बोलावत होता. हे त्याच्या स्वतःच्याच कानांवर पडलं, तसा तो पाटलासमोर ढसढसा रडला.