उजेडवीर मीच चमकवला

मी एक जुना दिवा आहे. मुठीएवढा, काळ्या पत्र्याचा, पुढे काच आणि मागे वायरचं शेपूट. स्वतःची कहाणी सांगताना 'मित्रांनो' म्हणायची पद्धत आहे, म्हणून म्हणतो. पण मित्रांनो, तुम्ही खरोखर माझे मित्र आहात असा गैरसमज करून घेऊ नका. मुलांशी माझं वाकडं आहे, आणि ते का, हेच मला सांगायचं आहे.

दंतवैद्यांच्या खुर्चीवर बसवायचे दिवे बनवणाऱ्या एका कारखान्यात माझा जन्म झाला. माझे सगळे भाऊ दवाखान्यांत गेले आणि लोकांच्या किडक्या दाढा बघत सुखाने म्हातारे झाले. माझी काच जरा तिरकी बसली होती, म्हणून मला बाजूला काढलं. तिथून एका कॅमेरामनने मला उचललं आणि माझ्या नशिबी टीव्हीची मालिका आली. दाढा परवडल्या असत्या.

मालिकेचं नाव होतं 'उजेडवीर'. तिची गोष्ट अशी की, पोलीस कचेरीत एक भित्रा संगणकवाला असतो. बाकीचे चोरांमागे धावतात, हा बटणं दाबत बसतो. एके दिवशी बटणं दाबता दाबता तो एक माणूसच तयार करतो. पडद्यातून निळसर उजेडाचा माणूस बाहेर येतो, भिंतीतून आरपार जातो, गुंडांना लोळवतो आणि काम झालं की परत संगणकात शिरतो. आता खरं काय ते ऐका. त्या काळच्या संगणकाला साधा चौकोन काढताना घाम फुटायचा. चालताबोलता माणूस तो कुठून काढणार? उजेडवीर म्हणजे एक उंच, देखणा नट होता आणि त्याच्या अंगात करड्या कापडाचा घट्ट पोशाख होता.

रात्री गाडीचा दिवा पडला की रस्त्यावरच्या पाट्या चमकतात ना, त्या जातीचं ते कापड. उजेड जिकडून येईल तिकडेच ते तो परत पाठवतं. म्हणजे दिवा ज्याच्या डोळ्याला लागून असेल, त्यालाच ते चमकताना दिसतं. दोन हात लांब उभ्या असलेल्याला नुसतं करडं फडकं दिसतं. कॅमेरामनने माझ्या काचेवर निळा पारदर्शक कागद लावला आणि मला कॅमेऱ्याच्या भिंगाला अगदी चिकटवून बसवलं. मी पेटलो की कॅमेऱ्याला उजेडवीर दिसायचा आणि गोदामात उभारलेल्या सेटवर इतर सगळ्यांना गोणपाट गुंडाळलेला बाप्या.

तापायचो मी, वाफ निघायची माझ्या पत्र्यातून, आणि कौतुक व्हायचं त्याचं. फोटो त्याचे छापून यायचे. मी मनातल्या मनात त्याला चकचकराव म्हणायचो. सेटवर आला की छाती अशी काढून चालायचा, जसं काही विजेचं बिल तोच भरतो. मला तो अजिबात आवडत नसे.

गंमत म्हणजे चकचकरावाला यातलं काहीच ठाऊक नव्हतं. स्वतःकडे पाहिलं की त्यालाही पोशाख करडाच दिसायचा. पण टीव्हीवर तो चमकताना दिसे, म्हणून त्याने समजूत करून घेतली होती की आत असणाऱ्याला दिसत नाही, बाहेरच्यांना दिसतं.

"त्याला एकदा सांगून टाकू या का?" कॅमेरामनने दिग्दर्शकाला विचारलं.

"खबरदार!" दिग्दर्शक म्हणाला. "आपण चमकतो असं वाटतं म्हणून तो तसा चालतो. कळलं की ऐट जाईल. ऐट गेली तर उरेल काय, करडी विजार?"

म्हणून सगळे गप्प बसले.

चकचकरावाला एक मुलगी होती. तिला सगळे ठकी म्हणत. तिच्या वर्गात कोणाचाच विश्वास बसेना की उजेडवीर तिचा बाबा आहे. "तो संगणकातला आहे, माणूस नाहीच. ठकी थापाडी आहे," असं मुलं म्हणत. तिच्याबरोबर डबा खायलाही कोणी बसेना. एक दिवस ती सेटवर येऊन रडली. तेव्हा बाबा म्हणाला, "रडतेस काय, ठके? तुझ्या शाळेत पोशाख घालून येतो. बघू दे त्यांना!"

हे कॅमेरामनने ऐकलं. त्याने मला कॅमेऱ्यावरून सोडवलं, बॅटरीला जोडलं, उघड्या पिशवीत घातलं आणि तोही शाळेत गेला. म्हणून पुढचं सगळं मी स्वतः पाहिलेलं आहे.

शाळेचं सभागृह गच्च भरलं होतं. चकचकराव झोकात मंचावर आला, हात पसरले आणि उभा राहिला. तो करडाच्या करडा. "जरा दिवे कमी करा," तो म्हणाला. दिवे कमी केले. आता तर तो दिसेनासाच झाला. मागून कोणीतरी फिसकन हसलं. मग पहिल्या रांगेतून एक आवाज आला, "खोटा!"

हा आवाज ठकीच्या वर्गाच्या मॉनिटरचा होता. दोन वेण्या, कडक इस्त्रीचा गणवेश. ही मुलगी कधी खोटं बोलत नाही, असं शिक्षकसुद्धा म्हणायचे. ती ओरडली तसं सगळं सभागृह ओरडायला लागलं. "खोटा! खोटा! ठकी थापाडी!" मित्रांनो, तुम्ही घोळक्यात किती वाईट दिसता हे तुम्हाला कोणी सांगितलेलं नसणार. मी सांगतो. फार वाईट दिसता.

कॅमेरामन धावत पुढे गेला. "अरे, थांबा! तो चमकतो, पण दिवा डोळ्याशी धरला तरच दिसतं. एकेकाने या आणि बघा!"

"मॉनिटरला बघू दे," मुलं म्हणाली. "ती खरं सांगेल."

ठकीने मला कॅमेरामनच्या हातातून घेतलं आणि स्वतःच्या हातांनी मॉनिटरच्या कानशिलाशी धरलं. "बघ गं," ती म्हणाली. "प्लीज, नीट बघ."

मी पेटलो. चकचकरावासाठी नाही, त्या पोरीने 'प्लीज' म्हटलं म्हणून. जन्मात कधी पेटलो नव्हतो तसा पेटलो. आणि तो समोर चमकला, डोक्यापासून टाचेपर्यंत निळा, लखलखीत. मी मॉनिटरच्या कानशिलालाच टेकलो होतो. तिचा श्वास अडकलेला मला कळला. तिची शीर उडत होती. तिला दिसलं होतं, मित्रांनो. स्वच्छ दिसलं होतं.

तिने मागे वळून सगळ्यांकडे पाहिलं. आत्ताच तर तिने सर्वांना ओरडायला लावलं होतं.

"छे," ती म्हणाली. "काही दिसत नाही."

मग जो गोंगाट झाला तो सांगत नाही. मुख्याध्यापिका बाईंनी कार्यक्रम आवरता घेतला. कॅमेरामन ठकीला म्हणाला, "अगं, तू तरी बघ." ठकीने मान हलवली. "तिला दिसलं नाही ना? ती खोटं बोलत नाही," ती म्हणाली आणि बाबाकडे न बघता बाहेर गेली. बाबा त्या करड्या कपड्यांत मंचावर तसाच उभा होता. त्याची फजिती पाहायची माझी किती दिवसांची इच्छा होती. ती पुरी झाली आणि मला जरासुद्धा बरं वाटलं नाही.

त्यानंतर ठकी बाबाशी बोलेनाशी झाली. शाळेतली फजिती गावभर झाली, मालिकाही कोणी बघेना, आणि थोड्याच भागांत ती गुंडाळायचं ठरलं. शेवटच्या दिवशी घरी कोणी नव्हतं, म्हणून बाबा ठकीला सेटवर घेऊन आला. ती भिंतीकडे तोंड करून बसली. एव्हाना कॅमेरामनचं त्याला सगळं सांगून झालं होतं. त्याची ऐट गेली होती आणि तो साध्या माणसासारखा चालत होता. त्याला पाहून मी विरघळलो वगैरे नाही, पण शिव्या घालणं थांबवलं.

शेवटचं चित्रण झालं, तरी कॅमेरामनने मला बंद केलं नाही. त्याने खोक्यावर खोकं ठेवलं, ठकीला उचलून त्यावर उभं केलं आणि तिचा डोळा कॅमेऱ्याला लावला. ती आधी ओढाळ गुरासारखी मान काढून घेत होती. मग एकदम स्थिर झाली.

"दिसतंय का गं, ठके?" बाबाने लांबून घाबरत विचारलं.

"दिसतंय!" ती ओरडली. "बाबा, तुम्ही दिसताय!"

सगळे हसले. बाबाने तोंड फिरवून डोळे पुसले. पण ठकी हसत नव्हती. तिने डोळा काढला आणि कॅमेरामनला विचारलं, "काका, मग तिला पण दिसलं असणार. ती खोटं का बोलली?"

कॅमेरामन उगाच माझा स्क्रू पिळत राहिला. मग कोणीतरी बटण दाबलं आणि मी विझलो.

आता मी कॅमेरामनच्या माळ्यावर पडून आहे. माझी काच पुसा, मला जपा, असली विनवणी मी तुम्हाला करणार नाही. तुमच्या हातून मला पुसून घ्यायचंही नाही. एवढंच करा. कधी पुढे बोलावून कोणी विचारलं आणि मागे सगळे ओरडत असले, तरी दिसलं असेल तर दिसलं म्हणा. तुमच्या उत्तराकडे कान लावून तिथे एखादी ठकी उभी असते.