द्राक्षांच्या पेटीतल्या ट्यूबा

आमच्या लताला द्राक्षाचा घड हातात धरताना एकदा बघावं. देठाला धरते, मण्याला बोट म्हणून लागू देत नाही. मण्यावरची पांढुरकी पावडर पुसली गेली की माल परदेशात चालत नाही, आणि लताच्या हातचा माल कधी परत आला नाही. हंगामात द्वारका चौकातून बायकांची जीप निघते आणि पिंपळगावच्या अलीकडे एका पॅकिंग शेडवर जाते, तिथे ती कामाला असते. मी तिला चिडवायचो, "नवऱ्याला कधी इतक्या मायेनं हात लावलास का गं?" ती नांदगावची. फटकन म्हणायची, "तुमी काय एक्सपोर्टचा माल हाये का?"

हे आधी सांगतोय, कारण पुढे जे झालं त्यात तिची काही चूक नव्हती. कुणी तसं म्हणालं तर मी भांडायला उठेन.

मी सातपूरला एका कारखान्यात मोजमापाची यंत्रं तपासायचो. जुनी यंत्रं भंगारात निघाली, तेव्हा साहेबांना विचारून त्यांतल्या आकड्यांच्या ट्यूबा मी घरी आणल्या. अंगठ्याएवढी काचेची बाटली, आत तारेचे शून्य ते नऊ आकडे एकामागे एक उभे. ज्या आकड्याला वीज द्यावी तो निखाऱ्यासारखा नारिंगी पेटतो. प्रत्येक आकड्याची एक बारीक तार बुडातून बाहेर येते. ती काचेच्या कडेशी तुटली की तो आकडा गेला, आणि फटीतून हवा आत शिरली की अख्खी ट्यूबच गेली. फार जपावं लागतं.

आमचा सार्थक इंजिनिअरिंगला होता. एकुलता एक. या ट्यूबांचं घड्याळ करायचं त्याच्या डोक्यात बसलं. बोर्डाचं सगळं सोल्डरिंग त्याने स्वतः केलं, माझी लुडबुड चालू दिली नाही. मग एकेक ट्यूब नुसती टेकवून पेटवून पाहिली. "आई, पोळी राहू दे, आधी हे बघ!" म्हणून ओरडला, आणि लता पिठाच्या हातांनी धावत आली. परीक्षा झाली की पक्क्या बसवतो म्हणाला. परीक्षेच्या तोंडावर ताप आला. तापाचं निमित्त झालं आणि आठवड्यात पोरगं गेलं. यापुढचं मला बोलता येत नाही.

तेराव्याला इंदिरानगरचं आमचं घर पाहुण्यांनी भरलं. त्यांची पोरं सार्थकच्या टेबलाभोवती पळायला लागली. मी भिंतीकडे तोंड करून पडलो होतो. लता उठली, ट्यूबा गोळा केल्या आणि तिला ठाऊक असलेली सगळ्यांत नाजूक वस्तू जशी बांधतात तशा बांधल्या. द्राक्षांची पेटी घेतली. आत प्लास्टिकची मोठी पिशवी, तळाला बुडबुड्यांचं प्लास्टिक, एकेक ट्यूब वेगळ्या पाऊचमध्ये, आणि वाटेत माल सडू नये म्हणून पेटीत टाकतात तो औषधाचा कागद सगळ्यांच्या वर. पिशवीचं तोंड दुमडून पेटी कपाटावर ठेवली. बोर्ड तेवढा माझ्या खणात राहिला, जुन्या पेपरात गुंडाळलेला.

त्यानंतर दोन पावसाळे गेले. आम्ही दोघंही त्या पेटीकडे मान वर करून बघत नव्हतो. यंदा फेब्रुवारीत लताच म्हणाली, "अहो, त्याचा वाढदिवस येतोय. घड्याळ लावून टाका ना. त्याच्या हातचं कायतरी घरात चालू राहू दे."

मला इतकं बरं वाटलं की मी लगेच बाजारात जाऊन सोल्डरची नवी तार आणली. वाढदिवसाला तिने खीर केली. टेबल पुसलं, एक ताट मांडलं आणि पेटी स्वतः उघडली. एकेक ट्यूब पाऊचमधून काढून ताटात ठेवत गेली. काच अगदी लख्ख होती.

"एकबी फुटली नाय बघा!" ती म्हणाली. कितीतरी दिवसांनी तिचा चेहरा फुलला होता.

मी पहिली ट्यूब उचलली. बुडाच्या तारा हिरव्याकाळ्या पडल्या होत्या. बोट लागताच उदबत्तीच्या राखेसारख्या गळून ताटात पडल्या. दुसरी उचलली, तिचंही तेच. फटाका वाजल्यावर येतो तसा वास पेटीतून येत होता. तेव्हा मी तो कागद पाहिला. दमट हवा लागली की त्या कागदातून गंधकाचा धूर सुटतो. द्राक्ष त्यानं टिकतं, पण धातूला तो खातो. बंद पिशवीत दोन पावसाळे त्याने दुसरं काही केलं नव्हतं.

तरी मी खणातला बोर्ड आणून एकेक ट्यूब लावून पाहिली. एकही आकडा पेटला नाही. बोर्ड पुन्हा पेपरात गुंडाळून खणात ठेवला.

"काय झालं ओ?"

"जुना माल," मी म्हणालो. "आतला गॅस निघून गेला असेल. त्यांचं वयच झालं होतं."

तिने रिकामे पाऊच एकावर एक रचले. मग म्हणाली, "मी नीट बांधल्या व्हत्या ना?"

"तुझ्याइतक्या नीट कुणीच बांधल्या नसत्या."

हे खोटं नव्हतं. ती पदराने डोळे पुसून उठली. मला वाटलं, निभावलं. पण ती माझा खण उघडून बोर्ड घेऊन आली. "याला तरी नीट ठिवू. पेपरात कसलं गुंडाळता? लय दमट असतंय पावसाळ्यात." तिने पेटी झटकली, नवं प्लास्टिक अंथरलं, त्यावर बोर्ड ठेवला. सार्थकने दिलेला सोल्डरचा एकेक ठिपका अजून चकाकत होता. मग तिने आपल्या पिशवीतून एक कागद काढला. "औंदाचाच हाय. ताजा."

गप्प बसावं, ती शेडवर गेली की काढून टाकावा, असं मनात आलं. पण तिने कागद बोर्डावर धरला आणि मला राहवलं नाही.

"कागद नको!"

"का?"

"नको म्हटलं ना!" मी केवढ्यांदा तरी ओरडलो.

तिने कागद मागे घेतला. मग तिने ताटातल्या गळालेल्या तारांकडे पाहिलं. वाकून पेटीचा वास घेतला. शेडमध्ये याच वासानं बायकांचे डोळे चुरचुरतात, तिला वास शिकवायला नको होता. ती खाली बसली.

"सडू नये म्हणून टाकत्यात ओ तो," ती म्हणाली. "म्हणून टाकला मी."

"लता, तुझी चूक नाही. कुणाला माहीत असणार?"

"समद्या गेल्या?"

"सगळ्या."

ती रडली नाही. रडली असती तर मला बरं वाटलं असतं. तिने बोर्ड पेटीतून उचलला, नुसता कडेला धरून, एकाही ठिपक्याला बोट न लागू देता. त्याच जुन्या पेपरात गुंडाळला आणि माझ्या हातात दिला.

"तुमीच ठिवा," ती म्हणाली. "कुठं ठिवला ते मला सांगू नका."