क्लेमेंटीनचे लाल दोरे

फर्डिनंडने कोयत्याच्या टोकाने पहिला लाल दोरा कापला.

"सही कर, बाय."

"नाही," क्लेमेंटीन म्हणाली.

उमेळे गावातल्या त्यांच्या घरात टेबलावर पितळी तारांचा हातभर उंच सांगाडा उभा होता. तो एका प्रथिनाच्या रचनेचा नमुना. क्लेमेंटीन मुंबईतल्या एका संशोधन संस्थेत होती. सत्याऐंशी साली तिथे आलेल्या कॉम्प्युटरच्या पडद्यावर ती ते प्रथिन फिरवून बघे. कुठला नायट्रोजन कुठल्या ऑक्सिजनच्या पुरेसा जवळ आहे ते मोजायचे, हायड्रोजन बंध ठरवायचा आणि त्यावरून साखळी कुठे वेटोळे घेते, कुठे चटईसारखी पसरते ते सांगायचे. साहेबांचे काम झाल्यावर उरेल तेवढाच वेळ तिला मिळे. म्हणून बंध सापडला की घरी येऊन ती तारांमध्ये लाल दोरा बांधी. पोरीचे लग्नाचे वय दोऱ्यात गेले, असे गाव म्हणे. गावाला काय, उचलली जीभ लावली टाळ्याला.

वडिलांची पानवेलींची वाडी दोघा भावंडांच्या नावावर होती. धाकट्या फर्डिनंडला ती बिल्डरला विकायची होती, आणि बिल्डरचा माणूस जयराम कागद घेऊन ओटीवर बसला होता.

दुसरा दोरा तुटला. तिसराही. चौथ्याला क्लेमेंटीन म्हणाली, "तो काप खुशाल. तो माझा चुकलाच होता. अंतर जास्त आहे."

बाहेर जयराम खुदकन हसला. फर्डिनंडला तेच झोंबले. त्याने सांगाडा उचलून भिंतीवर आदळला. ती तारा गोळा करायला वाकली तसे त्याने तिचे केस धरले. तिने त्याच्या मनगटाचा रक्त येईपर्यंत चावा घेतला. मग त्या हलकटाने कोयता उलटा धरून तिच्या उजव्या हातावर दोनदा हाणला. हाड मोडल्याचा आवाज ओटीपर्यंत गेला.

जयराम धावत आत आला. "अरे गाढवा, हात मोडलास? आता ही सही कशाने करणार?"

"अंगठा घेऊ ना."

"एमेस्सी बाईचा अंगठा? असला हात घेऊन रजिस्ट्रारसमोर उभी करू तिला? तू जाशील आत, मलापण नेशील."

त्याने कागद पिशवीत कोंबले आणि तो चालता झाला.

फर्डिनंडने कोयता खाली टाकला. "बाय, दवाखान्यात चल."

"आधी हे उभं कर. उद्या कॉम्प्युटरवर माझा नंबर आहे."

त्याने वाकलेल्या तारा हातानेच सरळ केल्या. सुजलेला हात मांडीवर घेऊन ती सांगत राहिली, "हे वेटोळं आहे. या कडीपासून पुढची चौथी मोज. तिथे बांध." रोज पानवेली बांधणारी त्याची बोटे आता दोरे बांधत होती. तिला त्याची कीव आली नाही. संताप आला होता, आणि तो जन्मभर पुरणार होता.

"हात बरा झाल्यावर तरी करशील सही?" मान वर न करता त्याने विचारले.

"नाही," ती म्हणाली. "ती गाठ ढिली आहे. परत बांध."