बाटलीवरच्या आठ खाचा

मित्रांनो, माझ्याबरोबर आलेल्या एका पत्राला महिनाभर उत्तरच गेले नाही. स्वतःच्या आधी मला ते पत्र आठवते. मी एक जुनी औषधाची बाटली. नीट सांगता येईल की नाही, शंकाच आहे.

बडोद्याजवळच्या सावली गावच्या दवाखान्यात संपतराव कंपाउंडरांनी मला विसळून कोयनेलचे, म्हणजे हिवतापावरच्या कडू औषधाचे, पाणी भरले आणि पोटावर कागदाची पट्टी चिकटवली. पट्टीला कातरलेल्या आठ खाचा. एक खाच, एक मात्रा. त्यांची भाची लीला बडोद्यात तापाने निजून होती. तिच्या वडिलांना, भास्करराव मास्तरांना, त्यांनी लिहिले, 'दिवसातून तीनदा द्या. कान वाजतील, घाबरू नका. तिसऱ्या दिवशी कळवा. ताप हटत नसेल तर मी निघून येतो.'

मास्तरांनी पहिली मात्रा दिली. थोड्या वेळाने लीला म्हणाली, "बाबा, कानात भुंगा शिरलाय. तुमचं बोलणं लांबून येतं."

मास्तरांचा चेहरा उतरला. दोन वर्षांपूर्वी त्यांची पत्नी विजयमाला तापाने गेली, तेव्हा शेवटी तिलाही ऐकू येईनासे झाले होते. पत्रातले 'घाबरू नका' त्यांनी पुन्हा वाचले, पण मनाला ते पटेना. पुढच्या मात्रेला त्यांनी मला मोरीत कलते केले. बरोबर एक खाच.

त्यांच्या थोरल्या बहिणीला, जिजाबाईंना, पट्टीच तेवढी दिसे. "चार उतरल्या रे भास्कर!" लीलेच्या कपाळावर हात ठेवून त्या म्हणाल्या, "बघ, निवतंय पोरीचं अंग."

अंग तव्यासारखे तापले होते. भीतीमुळे भावाला औषधात विष दिसले आणि आशेमुळे बहिणीला तापात गारवा लागला. मी मुकी, रिकामी होत गेले.

तिसऱ्या दिवशी मास्तरांनी दौत उघडली. खोटे लिहवेना, खरेही लिहवेना; उत्तर तसेच राहिले. सहाव्या दिवशी लीला गेली.

"अख्खी बाटली पाजली हो, तरी गेली," जिजाबाई येईल त्याला सांगत. महिन्याने शेजारच्या कुसुमावतींच्या मुलाला, गोविंदाला, तसाच ताप भरला. त्या दारात येऊन जिजाबाईंना म्हणाल्या, "ते कडू पाणी नको गं बाई! लीलेला त्यानंच खाल्लं."

मास्तर पुस्तक मिटून बाहेर आले. "वहिनी, लीलेला औषध मिळालंच नाही. एक मात्रा दिली. बाकी सगळं मी मोरीत ओतलं."

जिजाबाईंनी मला उचलून पट्टीवर बोट फिरवले.

"हे आत्ता सांगताय, भावजी?" कुसुमावतींचा आवाज चिरकला.

"हो. गोविंदाला दवाखान्यात न्या. बाटली ही घ्या."

बाटली तेव्हा घरूनच न्यावी लागे. कुसुमावतींनी माझ्यावरची पट्टी नखाने खरवडून काढली. मास्तरांनी उभ्या उभ्याच सावलीला संपतरावांना चार ओळी लिहिल्या.

बालमित्रांनो, माझे एवढेच मागणे आहे. औषधाची भीती वाटली तर ती मोठ्याने बोला, देणाऱ्याला विचारा. गुपचूप ओतू नका.

दवाखान्याच्या वाटेवर, खंडेराव मार्केटजवळ, मी कुसुमावतींच्या पदराखाली होते. खांद्यावर गोविंदा कण्हत होता. मास्तर टपालपेटीशी पत्र धरून थबकले.

"टाका आता, भावजी. मला उशीर होतोय."

त्यांनी बोटे सोडली. पत्र तळाशी पडल्याचा आवाज मलासुद्धा आला.