माझ्या बोळांतला म्हातारबा

मित्रांनो, मी एक जुना लाकडी भुलभुलैया आहे. लगेच नाक मुरडू नका! मी काही उंदीर पकडायचा सापळा नव्हे. मानसशास्त्राच्या प्रयोगशाळेत टेबलावर बसून, उंदीर कसा शिकतो ते माणसांना दाखवणं हा माझा पेशा.

मला घडवलं एका सुताराने. रंधा मारून मारून त्याने माझ्या भिंती गुळगुळीत केल्या. "उंदराच्या पायात कुसळ गेलं, तर तो शिकेल की रडेल?" असं तो म्हणायचा. माझ्या एका टोकाला दार आहे, दुसऱ्या टोकाला दाण्यांची वाटी, आणि मधे नुसती वळणं. त्यांतले काही बोळ फसवे, आत शिरलं की समोर भिंत! नवा उंदीर आला की प्रत्येक भिंतीवर नाक आपटतो. रोज सोडत गेलं की त्याच्या चुका कमी होतात, आणि एके दिवशी गडी सरळ वाटीपाशी हजर. मित्रांनो, शिकणं कधी डोळ्यांना दिसतं का? माझ्यात दिसतं. मला त्याचा गर्व आहे, आणि तो मी मुळीच लपवत नाही.

माझेही दिवस फिरले म्हणा. चकचकीत पडद्यांची यंत्रं आली आणि माझी रवानगी कपाटावर झाली. अंगावर खोकी, खोक्यांवर मोडका पंखा. माझ्या बोळांत कोळ्यांनी खुशाल संसार थाटले. फार वाईट वाटायचं हो!

मग एक ताई संशोधनाला आली. यंत्रांपुढे इतरांची रांग होती, म्हणून तिने मला खाली उतरवलं आणि स्वतःच्या रुमालाने कोपरा न् कोपरा पुसला. म्हातारपणी नवीन काही शिकता येतं का, हा तिचा प्रश्न होता. तो तिने पुस्तकातून उचलला नव्हता. तिच्या आजोबांचा उजवा हात आजारपणात लुळा पडला होता. डाव्या हाताने शर्टाची बटणं लावायला शिकायचं त्यांच्या मनात होतं. घरचे प्रेमानेच म्हणायचे, "राहू द्या हो, आता या वयात कशाला? आम्ही आहोत ना." आणि आजोबा दिवसेंदिवस गप्प होत चालले होते.

ताईने म्हाताऱ्या उंदरांची एक टोळी घेतली. त्यांतला सगळ्यांत वयस्कर तो म्हातारबा. एक कान फाटका, मिशा विरळ, चाल अशी की गोगलगायीने मागून हॉर्न द्यावा!

ताईच्या सरांना सगळे 'पण-सर' म्हणायचे, कारण त्यांचं प्रत्येक वाक्य 'पण'ने सुरू व्हायचं.

"पण उंदीर दाण्यांच्या वासावर जात नसेल कशावरून?"

ताईने फसव्या बोळांतही जाळीखाली दाणे ठेवले. आता वास सगळीकडे सारखा.

"पण आधीच्या उंदराच्या पायांचा वास?"

ती प्रत्येक फेरीनंतर मला धुऊन पुसू लागली. मी आयुष्यात इतका स्वच्छ कधी नव्हतो.

आणि काय सांगू! म्हातारे शिकले. म्हातारबाही न चुकता वाटीपाशी जाऊ लागला. ताई नाचतच घरी गेली, आणि दुसऱ्या दिवशी मैत्रिणीला म्हणाली, "अगं, आजोबांनी ऐकलं मात्र, लगेच शर्ट मागितला!"

मग ती दुपार आली. ताई नेहमी वाटीजवळ उभी राहायची, उंदीर पोचला की उचलायला बरं म्हणून. त्या दिवशी फेरी चालू असताना तिचा फोन वाजला आणि ती खिडकीकडच्या कोपऱ्यात गेली. म्हातारबा शेवटच्या वळणावर आला, थांबला, मान वर केली, आणि वाटी सोडून खिडकीकडच्या फसव्या बोळात शिरला. ताईच्या अगदी पायांपाशी!

ताईचा चेहरा पांढराफटक पडला. ती मुद्दाम वेगवेगळ्या कोपऱ्यांत उभी राहून पाहू लागली. उंदीर तिच्या मागे! ते माझी वळणं शिकलेच नव्हते. ते ताईला शिकले होते, ताई जिथे उभी तिथे दाणे!

"एवढं काय त्यात?" मैत्रीण म्हणाली. "वाटीपाशी उभी राहा की पुन्हा. सरांना कुठे ठाऊक आहे? झाकली मूठ सव्वा लाखाची."

"आणि आजोबांना काय सांगू? खोट्या भरवशावर बटणं लावा म्हणू?"

ती उठली आणि स्वतः सरांना सांगून आली. सर तिच्या मागोमाग येऊन माझ्यावर वाकले. मग म्हणाले, "पण हे मला कसं सुचलं नाही?"

सगळं पहिल्यापासून करणं आलं. वर्ष वाया जायची भीती होती, तरी ताईने माझ्याभोवती पडदे लावले, वर कॅमेरा टांगला, आणि स्वतः शेजारच्या खोलीत जाऊन बसली. पहिल्या फेरीत म्हातारबा दारातच बसून राहिला. ताईला रडू कोसळलं. पण घरी आजोबा म्हणाले होते, "तू परत कर. मीही परत करतो." मग काय बिशाद आहे तिची थांबायची!

रोज धडपड, रोज चुका. मी भिंती ताठ धरून उभा होतो आणि मनात ओरडत होतो, अरे बाबा, डावीकडे, डावीकडे!

शेवटी निकालाचा दिवस उगवला. शेजारच्या खोलीत सगळा विभाग कॅमेऱ्याचं चित्र बघायला जमला. म्हातारबा आत आला. सावकाश, रमतगमत निघाला. फसव्या बोळांच्या तोंडाशी नुसतं हुंगायचा आणि पुढे जायचा. शेवटच्या वळणावर तो थांबला. माझा जीव टांगणीला! त्याने मान वर केली. वर कोणी नव्हतं. मग फाटका कान हलवून तो वळला, आणि थेट वाटीत तोंड घातलं!

पलीकडे एकच जल्लोष झाला. एकेक करून टोळीतले बाकीचे म्हातारेही पोचले.

सर उठल्याचा आवाज आला. "पण..." ते म्हणाले, आणि सगळे चिडीचूप. "पण आता माझ्याकडे 'पण' उरलेला नाही. शाब्बास, पोरी!"

माझ्याभोवतीचा पडदा बाजूला झाला. ताईचा हात धरून आजोबा माझ्याजवळ आले. शर्टाची सगळी बटणं लावलेली होती, एक तेवढं भलत्याच काजात. ते वाकले आणि म्हणाले, "काय रे म्हातारबा, जमलं की आपल्याला!"

मित्रांनो, आता मी पुन्हा टेबलावर आहे. मला रोज पुसतात, माझ्यासाठी रांग लागते. तुमच्याकडे एकच मागणं आहे. कुणाला 'याला येत नाही' म्हणण्याआधी, किंवा अगदी 'याला येतं' म्हणण्याआधीही, आपण स्वतः कुठे उभे आहोत ते एकदा बघा. जरा बाजूला व्हा. त्याला त्याच्या वेळेने वळणं घेऊ द्या. आणि तो वाटीपाशी पोचला, की टाळ्या मात्र जोरात वाजवा!