केर काढा

लॉरीनं मागचं फळकं सोडलं आणि पाडलेल्या घरांच्या विटा, चुन्याची ढेकळं धडधडत आमच्या केरीत आली. गुंडोअण्णा नांगर तसाच सोडून बांधावरनं खाली धावला. साठीचा माणूस, पण पुढच्या लॉरीच्या चाकासमोर असा मांडी घालून बसला, जणू पाटावर जेवायलाच बसलाय.

केर म्हणजे आमचं तळं. कानडी माणूस केरे म्हणतो. आम्ही मराठे इथं येऊन दहा-बारा पिढ्या झाल्या, तेवढ्यात शेवटचा ‘ए’ झिजला. सर्जापूर रोडवरनं आत दीड कोसावर आमचं गाव, आणि गावाची रागी, म्हणजे नाचणी, आणि भात सगळा या केरीवर. नव्याण्णवच्या इलेक्शनचं साल ते. श्रावण लागला तरी पावसाचा पत्ता नव्हता. केरीत भेगाळलेला गाळ आणि मधे म्हशी डुंबतील एवढं डबकं. गाळानं पाण्याची जागा खाल्लेली, म्हणून अण्णा दहा वर्षं तालुक्याला एकच मागत होता, केर काढा. म्हणजे गाळ उपसा.

जीपमधून इंजिनियर उतरला. त्यानं इंग्रजी पेपर अण्णापुढं धरला. त्यात अण्णाचाच फोटो. खाली काय छापलंय ते त्यानंच कानडीत सांगितलं. गावकरी दहा वर्षं ओरडतायत, आमचा उकिरडा हटवा. इलेक्शनला उभ्या असलेल्या पुढाऱ्यानं ते वाचून भर सभेत शब्द दिला होता, उकिरडा बुजवतो आणि वर शेजारच्या नव्या कॉलनीसाठी क्रिकेटचं मैदान करतो.

“तूच मागितलंस की, अण्णा,” इंजिनियर म्हणाला.

अण्णा उठला नाही. त्या दिवशी त्या लॉऱ्या परत गेल्या, पण तोवर अकरा खेपा पडल्या होत्या, आणि सोमवारी पोलीस घेऊन येतो असं इंजिनियर बजावून गेला.

घरी आल्यावर माझ्या डोक्यात उजेड पडला. महिन्यामागं मोटरसायकलवरनं तनय नावाचा पुण्याचा पोरगा आला होता, कंप्यूटरच्या कंपनीतला. रानात मराठी ऐकून हरखला. अण्णाच्या बायकोनं, पद्मावतीअक्कानं, त्याला रागीमुद्दे, म्हणजे रागीचे उकडलेले गोळे, जेवायला घातले. गावाचं दुखणं काय, म्हणून त्यानं विचारलं तर अण्णानं केरीकडं हात करून दाखवलं आणि म्हणाला, केर काढा म्हणून सांगून तोंड दुखलं आमचं. पुण्यात केर म्हणजे झाडून टाकायचा कचरा. पोरानं तेच ऐकलं, फोटो काढला आणि गेला.

अण्णा, अक्का आणि मी, आम्ही तिघं बस धरून शहरात बनशंकरीला त्याच्या खोलीवर गेलो. त्यानं कंप्यूटर उघडून दाखवला. दर आठवड्याला तो तिथं काहीबाही लिहायचा. पुण्या-मुंबईचे, पार अमेरिकेतले लोक ते वाचायचे आणि खाली आपलं मत टाकायचे. अण्णाच्या फोटोखाली दीडशे जणांनी लिहिलेलं. कुणी म्हणे लाज वाटते, कुणी म्हणे बुजवा. एकानं तर तिथं तापानं पोरं मेल्याचं घरी बसून ठोकून दिलेलं. केर एकानंही पाहिलेली नव्हती. तिथनं ते पेपरवाल्यानं उचललं आणि पेपरातनं पुढाऱ्यानं.

मी कीर्तनात झांजा धरणारा माणूस. आमच्यात बुवा चरण चुकला तर मागचा झांजवाला तिथंच त्याला जाग्यावर आणतो. इथं एक चुकला आणि मागच्या दीडशे जणांनी तेच चुकलेलं ध्रुपद उचलून धरलं. माझ्या मस्तकात तिडीक गेली.

तनय पांढरा पडला. “सॉरी काका. मी आत्ता करेक्शन टाकतो.”

“टाक,” अण्णा म्हणाला. “आन् त्या अकरा लॉऱ्या कोण उचलनार?”

“मला वाटलं, मी तुम्हाला मदत करतोय.”

पद्मावतीअक्का पुढं सरकली. ती म्हणाली, “माझ्या ताटात काय वाढलंय ते तीनदा विचारलंस बाळ. केर म्हणजे काय, ते एकदा विचारायला काय झालं होतं?”

त्यानं कीबोर्ड पुढं ओढला. करेक्शन आमच्यासमोर लिहिलं. त्याच्याखाली दोघांनीच लिहिलं, त्यातल्या एकाला कंप्यूटरवर मराठी अक्षरं कुठनं मिळवलीस ते हवं होतं. पेपरानं छापलं नाही. पुढाऱ्याचा माणूस म्हणाला, टाळ्या पडलेला शब्द मागं घेता येत नाही.

सोमवारी सगळं गाव बांधावर बसलं. पोलीस लॉऱ्या घेऊन आले, आम्ही झांजा काढल्या, नाम धरलं. चार दिवस बायका तिथंच चूल मांडून होत्या. पाचव्या दिवशी मतदान झालं, नव्या कॉलनीवाल्यांची मतं पुढाऱ्याला पडली, त्याचं काम झालं, आणि लॉऱ्या जशा आल्या तशा गेल्या. मैदानाचं नाव पुन्हा कुणी काढलं नाही. ढीग तेवढा राहिला.

अण्णानं तनयला निरोप धाडला, रविवारी ये, लिहायचं सामान आणू नकोस. पोरगा लबाड नव्हता. चार दोस्त घेऊन आला. दुपारपर्यंत पाचांच्या हाताला फोड आले, तरी तो विटा वाहत होता. गावानं त्याच्या बरोबरीनं ढीग उपसला आणि हातासरशी गाळालाही कुदळ लावली. दुपारी एक पेपरवाला फोटो काढून गेला.

दुसऱ्या दिवशी मी कानडी पेपर घेऊन केरीत उतरलो. अण्णा गुडघाभर गाळात होता. मी वाचून दाखवलं. कंप्यूटरवाल्या तरुणांनी गावचा उकिरडा साफ केला, गावकऱ्यांना स्वच्छतेचे धडे दिले.

अण्णानं कुदळ थांबवली. “केरीचं काय लिवलंय?”

“तिचं नावच नाही, अण्णा.”

“असू दे, तेच बरं. त्यांनी नाव घेतलं की ती बुजती.” त्यानं गाळाचं घमेलं माझ्या हातात दिलं. “पेपर ठेव तिकडं. धर.”